जुन्या खाणीशेजारचा नवा साठा



झारखंडमधील जादूगोडा ही देशातील पहिली युरेनियमची खाण. तेथील खनिजाचा शोध १९५१ साली लागला; १९६७ साली युरेनियम कॉर्पोरेशन ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. २०२४ साली सरकारने जाहीर केले की, या खाणीच्या परिसरात नवा साठा सापडला असून संपत आलेल्या खाणीचे आयुष्य पन्नासहून अधिक वर्षांनी वाढेल.

शोध जुन्या खाणीलगतच का घेतला जातो? भूगर्भातील हालचालींनी चेचलेल्या खडकांचा एक लांब पट्टा सिंहभूममधून जातो. मुसाबनी व राखा येथील तांबे त्याच पट्ट्यातले. भाटिन, नरवापहाड, तुरामडीह येथील युरेनियमही त्याच पट्ट्यातले. भूपृष्ठावरील किरणोत्सार मोजायचा, खोल छिद्रे घ्यायची, वर आलेले खडकाचे नमुने तपासायचे, छिद्रांत उपकरणे सोडून थरांची नोंद करायची, ही संशोधनाची रीत आहे. जुन्या खाणीत हे काम खालच्या बोगद्यांतूनही पुढे नेता येते. म्हणजेच नव्या साठ्याच्या नकाशामागे दोन पिढ्यांच्या खाणकामगारांचे श्रम उभे आहेत.

परंतु खाणीचे आयुष्य वाढते तेव्हा तिच्या कचऱ्याचा ढीगही वाढतो. येथील एक टन खडकात एक किलोसुद्धा युरेनियम नसते. खडक दळून, आम्ल वापरून युरेनियम काढले की उरलेला जाडा भाग खाणीच्या पोकळीत भरला जातो आणि बारीक गाळ नळांवाटे धरणबंद तलावांत जातो. या गाळात रेडियम राहते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. डिसेंबर २००६ मध्ये असा एक नळ फुटून गाळ ओढ्यात गेला. आजारांचा खाणीशी संबंध सरकारी यंत्रणांनी नाकारला आहे. डॉक्टरांच्या एका स्वतंत्र संघटनेने त्याउलट निष्कर्ष मांडला. वाद मिटवण्याचा मार्ग एकच : मोजमापांची सर्व आकडेवारी लोकांसमोर ठेवणे.

हा संथाळ व हो आदिवासींचा, पाचव्या अनुसूचीतील प्रदेश आहे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे १९९६चा पेसा कायदा सांगतो. असे असताना सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. ज्यांच्या जमिनीखाली साठा आहे, त्यांचाच आवाज त्यामुळे बंद होतो.

देशाला वीज हवी, कामगाराला रोजगार हवा, हे खरेच आहे. म्हणूनच संशोधनाला विरोध करणे हे उत्तर नव्हे. जनसुनावणी पुन्हा सक्तीची करा. छिद्र घेण्यापूर्वी गावाला त्याच्या भाषेत माहिती द्या. कंत्राटी मजुरासह प्रत्येक कामगाराच्या किरणोत्साराची नोंद त्याच्या हाती द्या. नवी खाण उघडण्याआधी जुन्या तलावांचा हिशेब द्या. खाणकामगार आणि विस्थापित शेतकरी या मागण्यांवर एकत्र आले, तरच जमिनीखालची संपत्ती खऱ्या अर्थाने जनतेची होईल.