गाण्याचा मोसम आणि कॅमेऱ्याची तारीख



अंजनगाव सुर्जीत कोणी बोलायला उभं राहिलं की 30 डिसेंबर 1803 चा तह काढायचाच, असा रिवाज आहे. तो उरकला असं समजा. मला आज बोलायचंय ते फिरत्या गाण्याबद्दल. प्रवास आणि संगीत यांची सांगड टीव्हीवाल्यांनी घातली असं कोणी म्हणत असेल, तर त्याला याच तालुक्यातलं शेंडगाव दाखवा. 1876 साली तिथे जन्मलेला डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा, हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडला, दिवसा गाव झाडलं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरं काढली. गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोता कधी नुसता बसला नाही.

टीव्हीवरचा या जातीचा चांगला प्रयत्न म्हणजे इंदूरच्या स्नेहा खानवलकर यांची 2012 मधली एमटीव्हीवरची ‘साउंड ट्रिपिन’ ही मालिका. एकेका ठिकाणी जायचं, तिथले आवाज टिपायचे, माणसं गाठायची आणि शेवटी त्यातून एक गाणं उभं करायचं. पंजाबातल्या किला रायपूरच्या ग्रामीण खेळांचा गलका आणि नूरां भगिनींचा गळा यांतून ‘टुंग टुंग’ झालं. बाईंचे कान तयार आहेत. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’साठी त्या बिहारापासून त्रिनिदादपर्यंत पोचल्या होत्या. तरी माझी तक्रार आहे, आणि ती त्यांच्यापेक्षा या साच्याबद्दल आहे. प्रत्येक भागाला शेवटी गाणं हवंच असतं. मग गाव कच्चा माल होतो.

उद्या अशी मालिका वऱ्हाडात आली तर काय होईल? पहिलं दृश्य शकुंतला रेल्वेचं. गाडी बंद असली तरी रुळावर उभं राहून कोणीतरी गाईलच. मग पानमळे, मग गाविलगड, मग चिखलदऱ्याचं धुकं. पण गाणी? आपली गाणी रस्त्यावर मैलाच्या दगडासारखी कायमची रोवलेली नाहीत, ती तिथीला येतात. भुलाबाई बसते भाद्रपदी पौर्णिमेला आणि उठते कोजागिरीला. तेवढा महिनाभर पोरी घरोघर टिपऱ्या घेऊन जाणार, गाणार आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावणार. ते ओळखण्याचं भांडण गाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे ती टोमणेबाज कवनं, बैलं तोरणाखाली उभी असतानाच ऐकाव्यात. त्यात सावकार, सरकार, शेजारी कोणीच सुटत नाही. मे महिन्यात कोणी माइक पुढे धरून ‘म्हणा’ म्हटलं, तर म्हणणाऱ्याला तो चेव कुठून यायचा? मेळघाटातल्या कोरकूंचा फागही होळीचाच. निर्मात्याला मात्र तारखा मिळतात सोयीच्या.

या साच्याला अपवाद टीव्हीबाहेर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बायकांची नावं आणि गावं ओव्यांबरोबर नोंदवली. म्हणून आज तो संग्रह त्या बायकांचाही आहे. गाणारीचं नाव न सांगता तिच्या गाण्याला ‘लोकगीत’ म्हणून मोकळं होणं मला साफ नामंजूर आहे. ‘लोक’ म्हणजे बेवारस नव्हे, बाप्पा.

म्हणून येणाऱ्या कॅमेऱ्यांना आपण या व्यासपीठावरून चार अटी घालू. पंचांग पाहून या. गाणं पुरं घ्या, कडव्यावर कात्री नको, वऱ्हाडी बोली ‘सुधारू’ नका. गाणाऱ्याचं नाव पडद्यावर लिहा आणि बिदागी तिथल्या तिथे द्या. ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.

आणि तुम्हाला, विशेषतः मागे बसलेल्या कॉलेजच्या पोरापोरींना सांगतो: कॅमेऱ्यांची वाट पाहू नका. फोन तुमच्या खिशात आहे आणि आजी घरात आहे. येत्या भाद्रपदी पौर्णिमेपासून सुरुवात करा.