बावन्नजणी

ज्या फिलाडेल्फिया नगरीत आपल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली वैद्यकीची पदवी संपादन केली, त्याच नगरीतील स्त्रियांच्या रुग्णालयातून १८९७ साली मार्था फ्रँकलिन ही कृष्णवर्णीय तरुणी परिचारिकेचे शिक्षण पुरे करून बाहेर पडली, आणि त्या वर्षीच्या स्नातिकांत तिच्या वर्णाची दुसरी कोणीही नव्हती. व्यवसायात शिरल्यावर तिच्या ध्यानात आले की हे एकटेपण तिच्या एकटीच्या वाट्याचे नाही. शिक्षणाच्या सनदा पदरी असूनही बहुतेक रुग्णालयांत कृष्णवर्णीय परिचारिकांना मज्जाव असल्यामुळे खाजगी घरांतून रुग्णसेवा करून त्या निर्वाह करीत, आणि रोग्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या या शिकलेल्या स्त्रीनेच सकाळी घरातली झाडलोटही करावी, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी बिनदिक्कत बाळगली जाई.

फ्रँकलिनबाईंनी या स्थितीची रीतसर चौकशी आरंभिली. देशभर विखुरलेल्या आपल्या व्यवसायभगिनींना त्यांनी शेकडो पत्रे स्वहस्ते लिहिली; आणि न्यूयॉर्कच्या ॲडा थॉम्स व त्यांच्या लिंकन रुग्णालयातील सहकारिणी यांनी यजमानपद पत्करल्यावर, १९०८ च्या ऑगस्ट महिन्यात त्या शहरातील सेंट मार्क्स चर्चमध्ये ५२ परिचारिका हजर झाल्या. कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांच्या राष्ट्रीय संघाची ती स्थापना होय, आणि अध्यक्षपद साहजिकच फ्रँकलिनबाईंकडे गेले.

या सभेचे खरे महत्त्व तिच्या ठरावांत शोधू नये, असे मला वाटते. गोऱ्या सहकाऱ्यांमध्ये एकटीच वावरणारी कृष्णवर्णीय परिचारिका ही सदैव परीक्षार्थी असते. तिच्या हातून चूक झाली तर ती साऱ्या जातीच्या खाती जमा होते आणि तिने उत्तम काम केले तर तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला जातो, त्यामुळे तिच्या शक्तीचा मोठा हिस्सा रोग्याच्या सेवेत नव्हे तर आपण त्या जागेला पात्र आहोत हे सिद्ध करण्यात खर्ची पडतो. सेंट मार्क्सच्या त्या दालनात हे सिद्ध करण्याचे कारणच उरले नाही. तेथे जमलेली प्रत्येकजण शिकलेली होती आणि दुसरीही शिकलेली आहे हे जाणत होती. म्हणून शिक्षणाचा दर्जा, परिचारिकांची नोंदणी, वेतन, अशा कामाच्या गोष्टी त्यांना एकदम बोलता आल्या. आत्मविश्वास ही एकांतात मनाला बजावून कमावण्याची वस्तू आहे असा उपदेश आपण वारंवार ऐकतो, परंतु या स्त्रियांचे चरित्र पाहता मला तो उपदेश अपुरा वाटतो.

पुढच्या वर्षी, १९०९ साली, संघाचे पहिले वार्षिक अधिवेशन बोस्टन येथे भरले आणि स्वागताचे भाषण मेरी महोनी यांनी केले. महोनीबाई १८७९ साली बोस्टनच्या एका रुग्णालयातून रीतसर शिक्षण घेऊन उत्तीर्ण झालेल्या, आणि अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षित परिचारिका म्हणून त्यांचा उल्लेख होतो. अंगलटीने अगदी लहानखुऱ्या असलेल्या या बाई श्रीमंतांच्या घरी सेवेस राहत तेव्हा, आपली गणना घरगड्यांत होऊ नये म्हणून नोकरांच्या पंगतीला न बसता स्वयंपाकघरात एकट्याच जेवत, असे सांगतात. एवढ्या वर्षांचे ते एकाकी जेवण ज्यांनी मान राखण्यासाठी पत्करले, त्यांच्यासमोर आता त्यांच्याच व्यवसायातील स्त्रियांनी भरलेली सभा बसली होती. संघाने त्यांना आजन्म सभासदत्व दिले.

ही वेगळी चूल मांडणे झाले, असा आक्षेप कोणी घेईल. पण वेगळी चूल या स्त्रियांनी मांडलेली नव्हती. दक्षिणेकडील अनेक राज्यांत परिचारिकांच्या संघटनांनीच त्यांना सभासद करून घेण्याचे नाकारले होते, आणि ती बंदी मोडणे हा या संघाचा आरंभापासूनचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली अमेरिकन लष्कराने अवघ्या ५६ कृष्णवर्णीय परिचारिका घेण्याची मर्यादा ठरविली आणि आरमाराने तर एकही घेतली नाही. संघाच्या कार्यवाह मेबल स्टॉपर्स यांनी हा प्रश्न सोडला नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात त्यांनी एलिनोर रूझवेल्ट यांची भेट घेतली, आणि १९४५ च्या जानेवारीत परिचारिकांच्या टंचाईमुळे सक्तीची भरती करावी लागेल असे लष्कराच्या वैद्यकीय प्रमुखांनी न्यूयॉर्कच्या एका सभेत सांगताच स्टॉपर्सबाई उभ्या राहिल्या व टंचाई एवढी असताना कृष्णवर्णीय परिचारिका का घेत नाही, असे त्यांनी सर्वांसमक्ष विचारले. त्याच महिन्यात दोन्ही दलांनी वर्णाची अट उठविली. सेनाधिकाऱ्याला भरसभेत जाब विचारण्याचे हे धैर्य स्टॉपर्सबाईंचे स्वतःचे होते यात शंका नाही. तथापि आपल्या पाठीशी कोण आहेत हे संघाच्या अधिवेशनांतून त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तेवढे बळ त्या प्रश्नात होतेच.

१९४८ साली अमेरिकन परिचारिका संघाने आपली दारे उघडली, तेव्हा कार्य पुरे झाले असे मानून हा जुना संघ १९५१ साली स्वेच्छेने विसर्जित झाला. संस्थेने आपण होऊन विलीन व्हावे ही गोष्ट दुर्मिळ, आणि त्या निर्णयातील उदारतेविषयी मला आदर आहे. परंतु सभासदत्वाचा हक्क मिळाला म्हणजे आपलेपणाही मिळतो असे नाही. १९७० साली मियामी येथे मोठ्या संघाचे अधिवेशन चालू असता कृष्णवर्णीय परिचारिका स्वतंत्रपणे एकत्र बसल्या, आणि १९७१ च्या डिसेंबरात क्लीव्हलंड येथे एका परिचारिकेच्या घरी जमून त्यांनी नवा राष्ट्रीय संघ स्थापन केला. त्याची वार्षिक अधिवेशने आजही भरतात.