देव्हाऱ्यातला देव आणि दालनातली मूर्ती

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून फार दूर नाही अशा अंतरावर, वेट्टारु नदीच्या काठी तिरुक्करुगावूर नावाचे एक लहान गाव आहे. गावाचे नावच त्याची कथा सांगते. ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. गर्भ राखणाऱ्या देवीचे हे गाव. देवीला गर्भरक्षांबिका म्हणतात आणि शिवाला मुल्लैवननाथ, म्हणजे जाईजुईच्या वनाचा स्वामी. येथील शिवलिंग वारुळाच्या मातीचे असल्यामुळे त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही. पुनुगु नावाचे सुगंधी द्रव्य त्याला लावतात. सातव्या शतकात अप्पर आणि संबंदर या संतांनी या स्थानाची स्तोत्रे गायिली. आजही मूल व्हावे म्हणून येणारी जोडपी देवीपुढे ठेवलेले तूप प्रसाद म्हणून घरी नेतात आणि सुखरूप सुटका व्हावी म्हणून गरोदर स्त्रिया येथील एरंडेल पोटाला लावतात. देवीची मूर्ती कोणत्या शतकातली, तिची शैली कोणती, हे प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारीत नाही. देवीकडे काम असते आणि ते काम तिने करावयाचे असते.

ही साधी गोष्ट मनात ठेवली म्हणजे याच पापनाशम तालुक्यातल्या दुसऱ्या एका देवळाची कहाणी नीट समजते.

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या आगगाडीला पापनाशम सोडल्यानंतर सुंदरपेरुमाळ कोविल नावाचे स्टेशन लागते. गावाला नाव मिळाले ते तेथील सौंदर्यराज पेरुमाळ या विष्णूच्या देवळावरून. या देवळात तिरुमंगै आळ्वाराची पंचधातूची एक मूर्ती होती. बारा आळ्वारांच्या मालिकेतला हा शेवटचा संत. मराठी श्रोत्याला त्याचे चरित्र ऐकताच वाल्या कोळ्याची आठवण व्हावी. तो लहानसा सरदार होता. वैष्णवांना रोज जेवू घालण्याचे व्रत त्याने घेतले आणि पैसा सरला तेव्हा वाटमारी सुरू केली. एके दिवशी नवरदेवाच्या वेषात प्रत्यक्ष विष्णूच त्याच्या वाटेत आला. दागिने लुटले, पण गाठोडे काही केल्या उचलेना. आणि त्या झटापटीतच त्याच्या कानी मंत्र पडला, अशी कथा आहे. श्रीरंगमच्या देवळाचे बांधकाम चालू ठेवण्यासाठी नागपट्टणमची सोन्याची बुद्धमूर्ती त्याने पळवून आणली, असेही परंपरा सांगते आणि त्याबद्दल संकोच करीत नाही. म्हणून त्याची मूर्ती घडवताना शिल्पकार हातात टाळ देत नाहीत, ढालतलवार देतात. सुंदरपेरुमाळची मूर्ती सोळाव्या शतकातली, सुमारे ६० सेंटिमीटर उंचीची.

या दरोडेखोर संतावरच पुढे दरोडा पडला.

त्या दरोड्याची हकीगत कळण्यासाठी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या दालनात जावे लागते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे अॅशमोलियन हे वस्तुसंग्रहालय १६८३ साली लोकांसाठी उघडले. विद्यापीठाने वस्तुसंग्रह का ठेवावा, याचे उत्तर तेव्हा अगदी सरळ होते: ग्रंथात वाचलेले डोळ्यांनी पाहता यावे म्हणून. पौर्वात्य कला तेथे बऱ्याच उशिरा आली. संस्कृतचे पंडित मोनिअर विल्यम्स यांनी हिंदुस्थानात हिंडून राजेरजवाड्यांकडून वर्गणी जमवली आणि ऑक्सफर्डमध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट’ उभारली. १८८३ साली तिची कोनशिला बसली. तेथल्या वस्तू पुढे १९६२च्या सुमारास अॅशमोलियनमध्ये गेल्या आणि आशियाच्या कलेचा स्वतंत्र विभाग तेथे आकाराला आला. लंडनमध्ये १९१६ साली पौर्वात्य विद्येची जी संस्था स्थापन झाली, तिच्या नावात १९३८ साली आफ्रिकाही आली. इअन रेसाइड मराठीचे अध्यापन करीत ते याच संस्थेत. तिचे ब्रुनेई गॅलरी हे दालन १९९५ साली उघडले आणि आशिया व आफ्रिका या दोन खंडांची कला तेथे विनामूल्य पाहावयास मिळू लागली. या दालनाच्या गच्चीवर एक जपानी बाग आहे, आणि तेथल्या दगडी पाणपात्रावर कोरलेल्या अक्षराचा अर्थ ‘क्षमा’ असा आहे. अक्षर कोणी कोणासाठी कोरवले हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अशा दालनाच्या माथ्यावर तो शब्द असावा हे अर्थपूर्णच म्हणावयाचे.

अशा दालनांची थोरवी नाकारण्यात अर्थ नाही. ज्या युरोपने आफ्रिकेच्या कलेला कुतूहलाच्या वस्तूंत आणि भारताच्या देवांना राक्षसांत जमा केले होते, त्याच युरोपात एखादा विद्यार्थी चोल नटराजासमोर तासभर उभा राहू लागला, हे काम दालनांनी केले. पण दालनात वस्तू येते तेव्हा तिच्याजवळ एक चिठ्ठी लागते: नाव, काळ, धातू, उंची. ती कोठून व कशी आली, याची ओळ चिठ्ठीवर बहुधा सर्वांत आखूड असते.

अॅशमोलियनने १९६७ साली लंडनच्या सदबीज या लिलावगृहातून तिरुमंगै आळ्वाराची मूर्ती विकत घेतली. ती डॉ. बेलमॉन्ट या संग्राहकाच्या संग्रहातली होती. त्यांच्याकडे ती कशी आली हे संग्रहालयाला ठाऊक नव्हते, आणि त्या काळी असा प्रश्न विचारण्याची रीतही फारशी नव्हती. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराला आळा घालणारा युनेस्कोचा करार १९७० सालचा, आणि पुरावस्तूंविषयीचा भारताचा कायदा १९७२ सालचा. परवान्याशिवाय पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी करणारा कायदा मात्र १९४७ पासूनच होता; लंडनच्या लिलावात तो कोणी उघडून पाहत नसे. पन्नासाहून अधिक वर्षे आळ्वार ऑक्सफर्डला राहिले.

त्यांना ओळखले ते एका छायाचित्राने. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५० नंतरच्या दशकात दक्षिणेतील देवळांची पाहणी हाती घेतली आणि गावोगावच्या मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली; आज त्या संग्रहात लाखाहून अधिक छायाचित्रे आहेत. हेतू केवळ अभ्यासाचा होता. १९५७ सालच्या अशाच एका चित्रात सौंदर्यराज पेरुमाळच्या देवळातले तिरुमंगै आळ्वार उभे आहेत. २०१९च्या अखेरीस एका स्वतंत्र अभ्यासकाने हे चित्र आणि ऑक्सफर्डची मूर्ती शेजारी शेजारी ठेवली आणि संग्रहालयास कळवले. यापुढची गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. संग्रहालयाने ती माहिती दडपली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने स्वतःहून भारतीय उच्चायुक्तालयास पत्र लिहिले. मार्च २०२० मध्ये भारताने रीतसर मागणी केली. ११ मार्च २०२४ रोजी विद्यापीठाच्या परिषदेने मूर्ती परत करण्यास मान्यता दिली आणि तेथील कायद्याप्रमाणे प्रकरण धर्मादाय आयोगाच्या संमतीसाठी गेले. विद्यापीठ सत्यशोधनाच्या नावाने उभे असते. स्वतःच्या कपाटापाशी ते शोधन थांबवता येत नाही, एवढे तरी येथे मान्य झाले.

अशी मान्यता ऑक्सफर्डपुरती राहिलेली नाही. १८९७ साली ब्रिटिश सैन्याने पश्चिम आफ्रिकेतील बेनिनचा राजवाडा लुटला आणि तेथील पितळेची व काशाची हजारो शिल्पे युरोपभर पांगली. त्यांतला एक कोंबडा केंब्रिजच्या जीझस कॉलेजात होता आणि एका राजाचे मस्तक अॅबर्डीन विद्यापीठात. २०२१च्या ऑक्टोबरात, एकाच आठवड्यात, दोन्ही नायजेरियाच्या प्रतिनिधींच्या हाती दिली गेली. मोठी राष्ट्रीय संग्रहालये कायद्याच्या कलमांकडे बोट दाखवून थांबली असता विद्यापीठे पुढे झाली, हे ध्यानात घ्यावयास हवे.

पण आपल्या बाजूचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी शाखेच्या तपासानुसार या एकाच देवळातून १९५७ ते १९६७ या काळात एकाहून अधिक मूर्ती गेल्या. त्यांतला कालियामर्दन करणारा कृष्ण सॅनफ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात, तर विष्णू टेक्ससमध्ये असल्याचे शाखेचे म्हणणे आहे. फ्रेंच पंडितांनी छायाचित्र काढले नसते, तर गावाजवळ दाखवावयास काय होते? श्रद्धा होती, आठवण होती. परंतु लंडनच्या लिलावात आठवणीला किंमत येत नाही.

वास्तविक या भूमीला नोंदीची विद्या परकी नव्हती. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराज चोलाने एक हजार वर्षांपूर्वी देवळास अर्पण केलेल्या धातूच्या मूर्तींची यादी कोरवून घेतली. मूर्ती किती हात, किती अंगुळे उंच, हे तेथे दगडात लिहिलेले आहे. दगडात कोरलेली अशी संग्रहसूची फार थोड्या संग्रहालयांजवळ असेल. त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजी राजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला, आणि त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील पोथ्यांच्या याद्या झाल्या. मराठ्यांच्या त्या राजवाड्यातच १९५१ साली कलादालन सुरू झाले आणि जिल्ह्यात सापडलेल्या कित्येक मूर्ती जिल्ह्यातच राहिल्या. तरीही राजराजाची आणि त्याची राणी लोकमहादेवी हिची म्हणून ओळखली जाणारी धातूची शिल्पे बृहदीश्वरातून नाहीशी झाली होती. ती अहमदाबादेच्या एका खासगी संग्रहालयात आढळली आणि २०१८ साली तंजावरास परतली. तेव्हा दोष नेहमी समुद्रापलीकडेच असतो असे नव्हे.

परतीचा रस्ताही सरळ नाही. कुंभकोणमच्याच टापूतल्या पत्तूर गावी १९७६ साली जमिनीखाली नटराज सापडला. तो चोरट्या वाटेने लंडनला गेला आणि कॅनडातील एका कंपनीने १९८२ साली अडीच लाख पौंडांना विकत घेतला. पोलिसांनी तो जप्त केला आणि दावा उभा राहिला. मूर्तीवरची माती, तिच्यावर वाळवीने ठेवलेल्या खुणा, धातूची घडण, यांची न्यायालयात चिकित्सा झाली. कोसळलेले देऊळसुद्धा कायद्याच्या नजरेत दावा करू शकते, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ साली मान्य केले. नटराज जिंकला, भारतात आला. पण पत्तूरच्या गाभाऱ्यात न जाता तो बराच काळ तिजोरीसारख्या खोलीत कुलूपबंद राहिला; कारण गावात ठेवला तर पुन्हा चोरी होईल ही भीती. परत आलेल्या अशा मूर्तींसाठी तिरुवारूर आणि कुंभकोणम येथे सुरक्षित मूर्तिगृहे आहेत. लंडनला निदान कोणीतरी त्याला पाहत होते, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर द्यावे लागेल. उत्तर एवढेच, की चोरीची भीती हा देव परत न देण्याचा आधार होऊ शकत नाही. ती आपल्या पहाऱ्याची उणीव आहे, आणि ती भरून काढण्याचे काम आपले आहे. कुंभकोणमच्या न्यायालयात मूर्तिचोरीचे खटले चालतात. मूर्तींच्या एका आंतरराष्ट्रीय व्यापाऱ्यास त्याच न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२२ रोजी दहा वर्षांची शिक्षा दिली. पहारा अगदीच झोपलेला आहे असे म्हणता येत नाही.

राहिला तो सुंदरपेरुमाळच्या गावकऱ्यांचा प्रश्न. आळ्वार गेले हे त्यांना इतकी वर्षे कळले कसे नाही? पोलिसांच्या तपासात आढळले, की मूळ मूर्ती नेताना तिच्या जागी हुबेहूब नकल ठेवण्यात आली होती. उत्सवमूर्तीवर वस्त्रे असतात, फुलांच्या माळा असतात; भक्ताला दिसतो तो केवळ चेहरा, आणि तोही समईच्या उजेडात. दालनातल्या झगझगीत प्रकाशात अंगप्रत्यंग उघडे ठेवून पाहणाऱ्याला जे क्षणात ओळखता यावे, ते भक्ताने कधी पाहिलेलेच नसते. येथून जवळच स्वामिमलै आहे. कावेरीच्या गाळमातीचा साचा करून, आतले मेण वितळवून, पंचधातू ओतण्याची विद्या तेथील स्थपतींच्या घराण्यांत आजही चालू आहे. चांगली मूर्ती ज्या हातांनी घडते, तसल्याच हातांनी नकलही घडते.

ऑक्सफर्डचे आळ्वार गाभाऱ्यात परतण्याचा दिवस येईल, तेव्हा पुजाऱ्यांपुढे एक पेच उभा राहील, आणि त्याचे उत्तर कोणत्याही संग्रहालयाच्या चिठ्ठीवर सापडणार नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्या देवळातल्या भक्तांनी हात जोडले ते नकलेपुढे. तिलाच हार घातले, तिच्यापुढेच नवस बोलले. मूळ मूर्तीची पुनःप्रतिष्ठा आगमांच्या विधीने करता येईल. दुसरीला बाजूला सारावयाचे, की तिचीही जागा राखावयाची, हे त्या देवळाच्या वृद्ध अर्चकांना आणि गावाला मिळून ठरवावे लागेल.