‘शप्पथ’ न म्हणता
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, “जे मूल्य धरून तुम्ही जगता, त्यावर पाच मिनिटं बोला.” मी ख्रिस्ती घरात वाढले आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर झाले. दोन्हीकडे एकच प्रश्न रोज समोर येतो: आपल्या शब्दाची किंमत किती? म्हणून त्यावरच बोलते.

शाळेत आपल्याकडे शपथांच्या पायऱ्या होत्या. नुसतं “खरंच” कोणी मानायचं नाही. मग “आईशप्पथ”, त्यावर “देवाशप्पथ” आणि सगळ्यांत वर, गळ्याला हात लावून, “विद्याशप्पथ”!

प्रभू येशूच्या काळी मोठी माणसंही हेच करत. कोणी स्वर्गाची शपथ घेई, कोणी यरुशलेमेची, कोणी स्वतःच्या मस्तकाची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात तर एक पळवाटच सापडते: मंदिराची शपथ बंधनकारक नाही, मंदिरातल्या सोन्याची मात्र आहे. आपल्या करारांच्या तळाशी बारीक अक्षरं असतात ना, तशीच ही! डोंगरावरील प्रवचनात येशूने यावर आणखी मोठी शपथ सुचवली नाही. शपथच घेऊ नका, तुमचा साधा होकार-नकार पुरेसा असू द्या, असं त्याने सांगितलं.

याचा अर्थ मला असा कळतो: शपथेवर बोलणं खरं मानायचं, तर बाकीच्या बोलण्याला आपण नकळत सूट देतो. ख्रिस्ती माणसाला ती सूट नाही.

इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी सतराव्या शतकात हे शब्दशः पाळलं. न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला म्हणून त्यांच्यातले कित्येक जण तुरुंगात गेले. दुकानातही त्यांनी घासाघीस सोडून एकच भाव ठेवला. कारण जास्त भाव सांगून कमी घेणं, हेही त्यांना खोटंच वाटे. अखेर 1696 मध्ये तिथल्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी दृढकथनाची मुभा दिली. आपल्या 1969 च्या शपथ अधिनियमातही तशी सोय आहे.

आता माझ्या कामाचं सांगते. संगणकाला एक आणि शून्य एवढंच कळतं. आमच्या मीटिंगमध्ये मात्र “झालंच आहे”, “जवळजवळ झालंय”, “होऊन जाईल” अशी मधली बरीच उत्तरं चालतात. एकदा एका रुग्णालयासाठी औषधांची प्रणाली करत होतो. रुग्णाला ज्या औषधाची ॲलर्जी आहे ते लिहिलं गेलं, तर इशारा यायला हवा. त्याची चाचणी अर्धीच झाली होती आणि वरून निरोप आला, “अहवालात ‘पूर्ण’ लिहा, नंतर बघू.” टीममधला सर्वांत नवखा मुलगा म्हणाला, “मॅडम, मी ‘अपूर्ण’च लिहिणार.” मी त्याच्या बाजूने उभी राहिले. काम दहा दिवस लांबलं, ग्राहक चिडला, त्या वर्षी आमच्या टीमची पगारवाढही अडली. त्या मुलाच्या घरी कर्जाचे हप्ते होते. म्हणून खरं बोललं की फळ मिळतंच, असं मी इथे सांगणार नाही. मात्र उरलेल्या चाचणीत दोन औषधांचा इशारा येत नाही, हे सापडलं. त्या पलंगावर कोण झोपणार होतं, हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. “मी तोंडावर बोलते” असं म्हणत समोरच्याला जखमी करणं म्हणजे सत्य नव्हे. पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिताना सत्याला प्रीतीची जोड दिली आहे. त्या मुलाने कोणावर बोट दाखवलं नाही. जे होतं तेवढंच लिहिलं.

मित्रांनो, थोड्या वेळाने आपण निरोप घेऊ. प्रत्येक जण म्हणेल, “फोन करते हं”, “घरी येतो एकदा.” इथे पहिल्या रांगेत बसलेले आपले सर आणि बाई असं वाक्य विसरत नाहीत, ते फोनची खरोखर वाट पाहतात. म्हणून ज्याला करायचा आहे, त्यानेच तसं म्हणावं. आणि म्हटलं, तर या रविवारी करावा.