धम्मयात्रेला निघताना : पायांची गोष्ट

(विहाराच्या वर्धापनदिनी, श्रीलंका धम्मयात्रेला जाणाऱ्या उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



येत्या माघ पौर्णिमेला आपल्या विहारातून श्रीलंकेला धम्मयात्रा निघते आहे. गेले महिनाभर वस्तीत दुसरा विषय नाही. पासपोर्ट आला का, व्हिसाचं काय झालं, साड्या किती घ्यायच्या, चटणीची बरणी विमानात नेऊ देतात का. सगळं विचारून झालं. पण तब्येतीचं कुणी विचारलं नाही. म्हणून समितीने आम्हाला सांगितलं की तुम्ही बोला. आम्ही काही डॉक्टर नव्हे. आम्ही सूतगिरणीतले कामगार, शाळा दहावीला सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झालं. तेव्हा जे पाहिलं, वाचलं आणि चुकलो, तेवढंच सांगणार आहोत.

लंकेशी आपलं नातं जुनं आहे. सम्राट अशोकाचा मुलगा महिंद आणि मुलगी संघमित्ता यांनी तिथं धम्म नेला, बोधिवृक्षाची फांदी नेली. अनुराधपूरला तो वृक्ष आजही उभा आहे. आणि २५ मे १९५० ला आपले बाबासाहेब कोलंबोला गेले, कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला हजर राहिले. त्या काळात बाबासाहेबांना मधुमेह होता. सोबत माईसाहेब होत्या, आणि माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, हे ध्यानात घ्या. एवढा मोठा माणूस, पण आजारपण लपवून प्रवास केला नाही. आम्ही मात्र लपवतो.

आता आमची चूक सांगतो.

२०२३ साली मे महिन्यात, वैशाख पौर्णिमा तिथं बघायची म्हणून आम्ही पहिली यात्रा काढली. शाळेला सुट्टी, कामगारांना रजा मिळते, म्हणून मे धरला. अनुराधपूरला रुवनवेली स्तूपाच्या आवारात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आवारात चप्पल चालत नाही. फरशी तापून तवा झालेली. पोरं उड्या मारत सावलीला पळाली. आमच्यातले एक वडीलधारे तात्या मात्र शांतपणे सबंध प्रदक्षिणा करून आले. आम्ही सगळ्यांसमोर बोललो, "बघा रे, श्रद्धा असली की पाय भाजत नाहीत!" टाळ्यासुद्धा वाजल्या.

तात्यांचे पाय भाजले होते. त्यांना कळलं नव्हतं. पंधरा वर्षांची साखर, तळपायाची जाणीवच गेलेली. रात्री मोजे काढले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. त्यांनी तेही कुणाला दाखवलं नाही. आपल्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून चार दिवस मोजे घालून आमच्याबरोबर चालले. कोल्हापुरात आलो तेव्हा पाय सुजून काळा पडला होता. दवाखान्यात एक महिना आणि दोन बोटं गेली.

तात्या आज इथं समोरच बसलेत. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही हे बोलतो आहोत. दवाखान्यात आम्ही त्यांना रागानं म्हटलं, "सांगायचं न्हाई व्हय?" तर ते म्हणाले, "इचारलं कुणी? इचारलं असतंसा तर सांगितलं असतं की." हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. त्यांनी लपवलं ही त्यांची चूक. आम्ही विचारलं नाही, उलट टाळ्या वाजवल्या, ही आमची त्याहून मोठी चूक.

म्हणून पहिला नियम पायांचा. स्तूप बघायचे ते सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. पांढरे जाड मोजे जवळ ठेवा. चप्पल चालत नसली तरी मोजे घालून तिथं पुष्कळ लोक जातात. ज्यांना साखर आहे त्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात बघायचे, दिसत नसेल तर जोडीदाराने बघायचे. फोड आला तर फोडायचा नाही, लाजायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. मिहिंतलेला १८४० पायऱ्या आहेत. श्रीपादाला तर साडेपाच हजारांच्या आसपास. सगळ्यांनी चढलंच पाहिजे असं नाही. ज्याच्या छातीत धाप लागते, गुडघा धरतो, त्यानं खाली बसून त्रिशरण घेतलं तरी पुण्य कमी होत नाही.

दुसरी गोष्ट उकाड्याची. कोल्हापूरचं ऊन आपण सोसतो, मग लंकेचं काय, असं वाटेल. पण फरक आहे, आणि तो आम्हा गिरणीवाल्यांना चांगला कळतो. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. त्या हवेत घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. नुसता निथळला तर अंगातलं पाणी आणि मीठ तेवढं जातं, उष्णता आतच राहते. नवीन पोरगा खात्यात आला की पहिल्या आठवड्यात चक्कर येऊन पडतो, तो ह्यामुळंच. लंका हे चारी बाजूंनी समुद्र असलेलं बेट. तिथली हवा अशीच दमट. म्हणून पहिले दोन-तीन दिवस दमानं घ्या. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्या. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले तर सावलीत बसा, ओल्या फडक्यानं अंग पुसा. कुणी बरळायला लागला, शुद्ध हरपायला लागली, अंग चटका बसेल असं तापलं, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट दवाखाना गाठायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

भगिनींना एक सांगतो, रागावू नका. गेल्या वेळी आमच्या ध्यानात आलं की बायका बसमध्ये पाणीच पीत नव्हत्या. का, तर वाटेत सोय नसली तर पंचाईत. एका मावशीला त्यातून लघवीची जळजळ सुरू झाली. ह्यावेळी आम्ही बसवाल्याशी ठरवलंय, दर दोन तासांनी स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी गाडी थांबणार. कुणी मागितलं नाही तरी थांबणार. तेव्हा पाणी प्यायचं.

पण कुठलं पाणी? भिक्खूंच्या अष्टपरिष्कारात पाणी गाळायचं फडकं असतं. ते पाण्यातल्या बारीक जिवांची हिंसा टळावी म्हणून. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांनी पाणी निरखून प्यायला शिकवलं, आणि आपण मिळेल त्या नळाला तोंड लावतो. मात्र फडक्यानं जंतू अडत नाहीत. उकळलेलं, नाहीतर सील असलेल्या बाटलीतलं पाणी घ्या. बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत. तिथं तांबिली नावाचा केशरी शहाळ्याचा प्रकार मिळतो, तो समोर फोडून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरला विचारून. वेसाकच्या दिवसांत रस्तोरस्ती 'दनसल' म्हणजे मोफत अन्नदान असतं. ते लोक प्रेमानं वाढतात. नाही म्हणू नका, पण गरम, समोर शिजलेलं घ्या.

जुलाब लागले तर औषधाआधी पाणी. मीठ-साखरेच्या पाण्याची ताकद १९७१ मध्ये जगाला दिसली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती, सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, ग्लुकोज, सोडा घातलेलं पाणी तोंडावाटे पाजून हजारो जीव वाचवले. ओआरएसच्या पुड्या प्रत्येकाने पाच-सहा घ्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. अंदाजपंचे नाही, मोजून. जुलाबातून रक्त पडलं, ताप चढला, लघवी थांबली तर डॉक्टर.

तिसरा विषय डासांचा. लंकेनं मलेरिया हद्दपार केला आहे. २०१२ नंतर तिथल्या तिथं लागण झालेला रुग्ण सापडला नाही, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसा दाखला दिला. आपल्या देशात मलेरिया अजून आहे. म्हणजे भीती उलटी आहे, आपण तो तिकडं नेऊ नये! म्हणून निघायच्या आधी कुणाला थंडी-ताप आला तर रक्त तपासा. तिथं ताप आला तर डॉक्टरला "आम्ही भारतातून आलो" हे आधी सांगा. ज्या देशानं आपला धम्म दोन हजार वर्षं सांभाळला, त्याच्या घरात आपण रोग टाकून यायचा नाही. हीसुद्धा मैत्री आहे.

डेंग्यू मात्र तिथं जोरात असतो. २०१७ साली त्या छोट्या देशात १ लाख ८६ हजारांवर रुग्ण झाले. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि तिन्हीसांजेला जास्त. तिथं विहारात पांढरे कपडे घालून जायची पद्धत आहे, ती आपल्या फायद्याची. पांढरा, सैल, पूर्ण बाह्यांचा कपडा घाला, ऊनही अडतं, डासही. ताप आलाच तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या, ॲस्पिरीन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, मनानं घेऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी ॲस्पिरीन चालू असेल तर डॉक्टरला दाखवून मगच काय ते. ताप उतरताना पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर तो बरा होतोय असं समजू नका, दवाखाना गाठा. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तरी लंकेला गेलो होतो हे सांगा.

बाकीचं थोडक्यात. कुत्रा किंवा माकड चावलं, ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. माकडांना केळी दाखवू नका. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, घोणस-मण्यार तिथंही आहेत. आणि पोरांनो, तुम्ही पंचगंगेत पोहता, रंकाळ्याच्या गप्पा मारता, पण समुद्र वेगळा. लाट परत जाताना खाली ओढ असते, ती माणसाला आत नेते. तीत सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत ओढीतून बाहेर पडा, मग वळा. लाल बावटा असेल तिथं पायसुद्धा भिजवायचा नाही.

औषधं पिशवीत नव्हे, हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, आणि चार दिवस जास्तीची घ्या. इन्शुलिन बसच्या खिडकीत ठेवू नका. प्रवास विमा काढा आणि त्यात जुने आजार खरे लिहा, लपवले तर पैसे अडतात. तिथं रुग्णवाहिकेचा नंबर १९९० आहे. ही मोफत सेवा २०१६ मध्ये आपल्या भारत सरकारच्या मदतीनं सुरू झाली. पोलिसांचा नंबर ११९. दोन्ही आजच लिहून ठेवा.

आता शेवटचं. ह्यावेळी आम्ही जोड्या लावल्या आहेत. नवरा-बायकोच्या नव्हेत, एक तरुण आणि एक वडीलधारा अशा. रोज रात्री दोघांनी एकमेकांना चार प्रश्न विचारायचे : पाणी प्यालात का, गोळी घेतली का, पोट साफ आहे का, पाय दाखवा. एवढंच. दोन मिनिटांचं काम.

हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकारानं आपल्याच घाणीत पडलेला होता. जवळ कुणी नव्हतं. भगवंतांनी आणि आनंदानं त्याला आपल्या हातांनी धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून समजावलं की तुमची आई इथं नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार? रोग्याची सेवा ती माझीच सेवा. लोक हा प्रसंग एवढाच सांगतात. पण तिथंच पुढं भगवंतांनी रोग्यालाही त्याचं कर्तव्य सांगितलं आहे. जो आपलं दुखणं सेवा करणाऱ्याला खरं खरं सांगत नाही, त्याची शुश्रूषा करणं कठीण, असा त्याचा अर्थ. म्हणजे विचारणं हा धम्म आहे आणि सांगणं हाही धम्म आहे. तात्यांनी दवाखान्यात बोलून दाखवलं ते हेच.

समितीनं तात्यांना विचारलं, ह्यावेळी येणार का? ते म्हणाले, येणार. डॉक्टरनी परवानगी दिली आहे, बूट वेगळे करून घेतले आहेत, स्तूपाला सकाळी सहाला जायचं ठरलं आहे. त्यांची जोडी आमच्याशी लावली आहे. रोज रात्री त्यांचे पाय आम्ही बघणार आहोत.

एवढं बोलून थांबतो. जय भीम! नमो बुद्धाय!