मुद्दाम हरू नका

मी हैदराबादला राहतो. आज मी तुमच्याशी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक तशी लहानच, आणि माझा अंदाज आहे की ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच आईबाबांनी ती केलेली असेल. माझ्या लहान लेकीशी खेळताना मी मुद्दाम हरायचो.

सुरुवात झाली सापशिडीपासून. ती चार वर्षांची होती. पार वरच्या ओळीत पोचली आणि सापाने गिळली. पुढच्या क्षणी पट भिंतीवर, सोंगट्या सोफ्याखाली, आणि अर्धा तास रडारड. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. मला पाच पडले की मी सहा घरं मोजायचो आणि बरोबर सापाच्या तोंडात जाऊन बसायचो. ती टाळ्या पिटायची, घरात शांतता राहायची. मला वाटलं, जमलं आपल्याला.

वर्षभर हे असंच चाललं. मग एका संध्याकाळी ती शेजारच्या मुलांकडे लुडो खेळायला गेली, हरली आणि परत आली. रडत नव्हती. मला म्हणाली, "बाबा, मी फक्त तुझ्याशीच का जिंकते?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ती म्हणाली, "तू पाचाची सहा घरं करतोस. मला आता मोजता येतं." आणि मग विचारलं, "मग मी खरी कधी जिंकले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस तिने पट मागितलाच नाही.

गंमत बघा, सापशिडी हा असा खेळ आहे की त्यात मला काही करायची गरजच नव्हती. त्यात डोकं लागत नाही, सगळं फाशावर. चार वर्षांची मुलगी आणि चाळिशीचा बाप अगदी बरोबरीचे. मी काहीच लबाडी केली नसती तरी ती निम्म्या वेळा जिंकलीच असती. तेही खरंखुरं. शिवाय हा खेळ मूळचा आपलाच. त्याचे जुने पट मराठीत मोक्षपट म्हणून ओळखले जातात, उत्तरेत ज्ञानचौपड म्हणून. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटी मोक्ष. म्हणजे वर चढलेला माणूस खाली येतो आणि पुन्हा चालू लागतो, हेच तर त्या पटावर शिकायचं होतं. मी नेमकं तेच काढून टाकलं होतं.

मग नांदेडहून माझी आई आमच्याकडे राहायला आली. म्हणजे माझ्या लेकीची आजी. तिच्या पिशवीत कवड्यांची एक पुरचुंडी होती. तिने गॅलरीत खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखला. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली मारली. आमच्याकडे याला चल्लस आठ म्हणतात. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या, तितकी घरं. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळतं. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित, बाहेर असली की मरते. आणि दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही.

शेजारच्या तेलुगू आंटी कपडे वाळत घालायला आल्या आणि ओरडल्याच, "अरे, अष्टा चम्मा!" त्याही बसल्या. वरच्या मजल्यावरचे कन्नड काका म्हणाले, आमच्याकडे हाच चौका बारा. घर सोडून इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी गॅलरीत तीन भाषांत कवड्या मोजल्या जात होत्या. लेक आजीच्या बाजूला, म्हणून ती मराठीत मोजायची.

पण आजी काही सोडणारी नव्हती. पहिल्याच डावात तिने नातीची सोंगटी मारली. "मेली गं तुझी. ने परत घरी." लेकीचे डोळे भरले. मी उठायच्या बेतात होतो. आजीने मला हातानेच बसवलं आणि तिला म्हणाली, "रडायचं तर रड. पट उधळायचा नाही. पुढचं दान तुझं आहे."

तिने रडत रडत कवड्या टाकल्या. त्या दिवशी हरली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही हरली. चौथ्या दिवशी जिंकली आणि घरभर धावत सुटली. "खरी जिंकले! खरी जिंकले!"

आता खरी गोष्ट सांगतो. काही आठवड्यांनी गावाहून फोन आला. आईची बालमैत्रीण गेली होती. आई दिवसभर फारशी बोलली नाही. संध्याकाळी लेकीने कवड्या आणल्या, दोघी खेळायला बसल्या. मी बाजूला बसून बघत होतो. आजीची सोंगटी उघड्यावर होती, लेकीला बरोबर दान पडलं, पण तिने दुसरीच सोंगटी हलवली. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी आजीने तिचा हात धरला. "अगं, माझी सोंगटी दिसत नाही का तुला?"

"दिसते. पण तू आज उदास आहेस. म्हणून तुला जिंकू देते."

"हे कुणी शिकवलं तुला?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं.

आजी म्हणाली, "मला वाईट वाटतंय, ते खरं आहे. त्यासाठी माझ्याजवळ येऊन बस. पण खेळात मला फसवू नकोस. मी काय पाहुणी आहे का या घरात?"

लेकीने सोंगटी मारली आणि आजीला टेकून बसली. आजी तो डाव हरली. खूप दिवसांनी हसलीही.

मंडळी, तेव्हा मला कळलं. मी मुद्दाम हरायचो तेव्हा मला वाटायचं की मी तिला आनंद देतोय. प्रत्यक्षात मी तिच्या वतीने ठरवून टाकलं होतं की हिला हरणं झेपणार नाही. आणि माणसाला असं जपायचं असतं, हेही मीच तिला शिकवलं होतं.

मग लहान मुलाला सवलत द्यायचीच नाही का? जरूर द्या. पण उघड द्या. आपल्या अंगणातल्या खेळांत ही सोय होतीच की. लहान भावाला आपण कच्चं लिंबू म्हणायचो, दूधभात म्हणायचो. तो बाद होत नसे, आणि ते सगळ्यांना माहीत असे, त्यालाही. बुद्धिबळातही एकोणिसाव्या शतकात पॉल मॉर्फीसारखा अव्वल खेळाडू कमकुवत प्रतिस्पर्ध्याशी खेळताना आपला घोडा आधीच काढून ठेवत असे. आता मी लेकीशी बुद्धिबळ खेळतो तेव्हा माझा वजीर काढून ठेवतो. तिच्यासमोर. परवा ती म्हणाली, "बाबा, आता वजीर ठेव, हत्ती काढ." ती स्वतःच स्वतःची सवलत कमी करतेय.

आमच्या घरात आता चारच नियम आहेत. रडायला परवानगी, पट उधळायला नाही. डाव छोटा, पंधरा-वीस मिनिटांत संपेल असा. खेळताना फोन दुसऱ्या खोलीत. आणि जो जिंकेल त्याने पसारा आवरायचा. या शेवटच्या नियमाने हरणाऱ्याचं निम्मं दुःख कमी होतं, करून बघा.

फार काही लागत नाही. कवड्या नसतील तर चिंचोके फोडा, जमिनीवर खडूने पट आखा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावी कसं खेळायचे. आणि तुमचं लेकरू हरलं, तर त्याच्या शेजारी बसा. पुढचं दान त्याचं आहे, एवढंच त्याला सांगा.