परक्या हातची आज्ञावली



जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने २०१८ साली सुरू केलेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पात बुलढाणा जिल्ह्याचा समावेश झाला. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने या प्रकल्पाकरिता जी जोडप्रणाली तयार केली, ती क्यूजीआयएस या नकाशाप्रणालीवर चालते. पाऊस, जमिनीचा पोत व खोली, उतार आणि पीक यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले व पिकाला किती कमी पडले, याचा हिशेब ती मांडते.

क्यूजीआयएस ही मुक्त प्रणाली २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केली. तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलताही येते. परंतु कोणाचाही बदल मूळ प्रणालीत आपोआप शिरतो, असा समज कोणी करून घेऊ नये. बदल प्रथम प्रस्ताव म्हणून येतो. जाणकार तो वाचतात, त्याच्या चाचण्या होतात आणि मगच तो स्वीकारला जातो.

ही छाननी सोपी नाही, आणि ती करणारे हात बहुधा थोडेच असतात. एक्सझेड ही माहितीचे आकारमान घटविणारी प्रणाली अनेक लिनक्स संगणकांत असते. तिच्या एकट्या सांभाळकर्त्याला मदत करीत एका टोपणनावाच्या इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि २०२४ साली तिच्यात चोरदार घातले. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते सापडले.

प्रामाणिक सुधारणाही मात्र घातक ठरू शकते. समजा, मेहकरकडील उथळ, मुरमाड जमिनीचे गणित चुकते म्हणून एखाद्या परगावच्या तरुणाने दुरुस्ती पाठविली. तेथे उत्तर जुळेल. पण मुरमाड जमीन पाणी झटकन खाली सोडते, तर संग्रामपूर-शेगावकडील पूर्णाकाठची खोल काळी जमीन ते धरून ठेवते. त्यातच खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. पिकाची भिस्त बव्हंशी त्या ओलाव्यावर. तेथे हिशेब चुकला, तर संरक्षित पाण्याची पाळी चुकेल आणि शेततळ्याचे मापही. म्हणून दोन्ही जमिनींवरील पडताळा मागणे हा हेकटपणा नव्हे. दुरुस्ती परत पाठवावी लागलीच, तर कोणत्या जमिनीवर उत्तर फसले, हे त्या तरुणास लेखी कळविणे सांभाळकर्त्याचे काम आहे. अन्यथा तो पुन्हा काही पाठविणार नाही.